डावा कोपरा

मला बघायला आलेल्या मंडळींत मुलापेक्षा त्याच्या मोठ्या भावानेच जास्त भाव खाल्ला. श्रीवर्धनच्या आमच्या घरात पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. रमाकांत भाऊजी एक पाय सरळ पुढे ताणून खुर्चीत बसले होते. त्यांनी बशी रिकामी केली, खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या वडिलांच्या हातात दिला. "मुलगा कसा हाय ते आधी बघून घ्या," म्हणाले. पडद्यावर कबड्डीचा सामना चालू होता. एक धिप्पाड गडी चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर झेपावला. त्या गड्याचा एक हात साखळीतल्या शेजारच्या पोराने घट्ट धरलेला होता. तिघेही कोसळले आणि त्या धिप्पाड गड्याचा गुडघा नको त्या बाजूला वळला. आईने तोंडाला पदर लावला. "तो पाय माझा," भाऊजी म्हणाले, "आणि हात ह्या दिन्याचा. सोडायला पायजे होता, सोडला न्हाय."

दिनेश मान खाली घालून पोहे खात होता. मी तिथल्या तिथे त्याला होकार द्यायचं ठरवलं. दया वगैरे आली म्हणून नाही. इतक्या जहरी माणसाशेजारी बसून ज्याच्या घशाखाली पोहे उतरतात तो संसार निभावून नेईल, असा सरळ हिशेब होता.

लग्न होऊन मी रेवसजवळच्या त्यांच्या गावी आले आणि भाऊजी एकेकाळी कोण होते ते मला जो तो सांगू लागला. आमच्याकडे भाताची कापणी झाली की गावोगाव कबड्डीची मैदानं आखतात. अशा प्रत्येक मैदानात डाव्या कोपऱ्यात रमाकांत उभा आहे म्हटल्यावर समोरचा चढाईवाला त्या बाजूला फिरकायचा नाही. कोपऱ्याचं काम घोटा धरण्याचं. एकदा धरला की मागचे येऊन पाडेपर्यंत सोडायचा नाही. "तोंड बघायचं न्हाय, पाय बघायचा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "तोंड लबाड असतं. पायाला खोटं बोलता येत न्हाय." मी पहिल्यांदा उंबरठा ओलांडला तेव्हाही त्यांनी माझ्या पायांकडेच बघितलं आणि सासूबाईंना म्हणाले, "भार उजव्या पायावर हाय. हट्टी निघेल." निघालेच.

व्हिडिओतला तो सामना बघायला मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या संघाचे प्रशिक्षक आले होते. खेळाडू म्हणून नोकरी, राहायला खोली, पुढे राज्याचा संघ, असं सगळं भाऊजींसाठी जवळजवळ ठरलेलं. गुडघा गेला तेव्हा गावाने त्यांना खांद्यावर घेतलं आणि दवाखाना सोडून हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्याने पाला बांधला, पाय ओढला, पुन्हा बांधला. बरंच उशिरा रेवसहून लाँचने त्यांना मुंबईला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चालता येईल, खेळता येणार नाही. प्रशिक्षक मात्र रिकाम्या हाताने परतले नव्हते. ते दिनेशला घेऊन गेले होते.

दिनेश पुढे काही वर्षं खेळला आणि कंपनीच्याच इकडच्या कारखान्यात कायम झाला. संघाची जर्सी मिळाली की पहिली भाऊजी घालत. "माझी हाय ती. तू नुसती वागवतोस," म्हणायचे. दिनेश दुसरी मागून आणायचा.

भाऊजी दिवसभर ओटीवर खुर्चीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा घोटा पकडत. खरंच पकडत. पोस्टमन, दूधवाला, निवडणुकीत मतं मागायला आलेला उमेदवार, कोणीही. एकदा मी शिकवत होते त्या शाळेचे मुख्याध्यापक पायरीवर असे काही आडवे झाले की मला आठवडाभर त्यांच्या खोलीत जायची चोरी झाली. "पायरी चढताना दोन्ही पाय आपलेच हायत असं समजायचं न्हाय," असं वर त्यांनाच ऐकवलं. मला हसू आवरेना. मला भाऊजी आवडायचे, हेही सांगून टाकते. त्यांच्याइतकं बारीक बघणारं माणूस त्या गावात दुसरं नव्हतं.

पण संध्याकाळी दिनेश कामावरून आला की माझं हसू आटायचं. तो पायरीवर पाय ठेवायचा आणि भाऊजी घोटा धरायचे. "सूट बघू." दिनेश सहज सुटला असता. तो डबा हातात घेऊन तसाच उभा राही. भाऊजींना कंटाळा येईपर्यंत उभा राही. कधी शेजारी बघत असत, कधी पाऊस लागत असे.

एकदा मी सासूबाईंपाशी फणकारले. आम्ही दोघी अंगणात सुपाऱ्या सोलत होतो. त्या म्हणाल्या, "अगं, त्या सामन्यात हात सोडू नको असं रमाकांतनंच वरडून सांगितलं. मी बायकांत पुढंच बसले होते. साऱ्या गावानं ऐकलं." व्हिडिओत नुसता गलका आहे, त्यात काही कळत नाही. मी विचारलं, "मग कोणी तोंडावर सांगत का नाही?" त्यांनी सोललेली सुपारी टोपलीत टाकली. "काय सांगायचं? त्याच्याकडं आता तेवढंच उरलंय."

ते "तेवढंच" माझ्या नवऱ्याच्या जिवावर चाललं होतं. मी दिनेशला विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे ना." या तीन शब्दांवर आमचा संसार झाला.

गुडघ्याच्या दुखण्यावर भाऊजी वर्षानुवर्षं दुकानातून गोळ्या आणून खात राहिले. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडं निकामी केली. शेवटी ते घरीच होते, हातपाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. एका दुपारी दिनेश त्यांना भात भरवत होता, मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. भाऊजींनी घास बाजूला सारला. "दिन्या, खरं सांग. मीच वरडलो होतो का रे? सोडू नको म्हणून?"

किती वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते! नुसतं "व्हय दादा" म्हणायचं होतं. दिनेशला सुटायचं होतं, आणि दार उघडून देणारा माणूस समोर पडला होता.

दिनेश म्हणाला, "न्हाय दादा. तू कुठं वरडलास? मी घाबरलो, म्हणून धरून ठेवला."

भाऊजींनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाले, "वाटलंच मला. भित्रट साला." आणि तोंड उघडून पुढचा घास मागितला. त्याच आठवड्यात ते गेले.

मी दिनेशशी कितीतरी दिवस नीट बोलले नाही. "एकदा तरी खरं बोलायचं होतंस," म्हटलं. तो म्हणाला, "त्याला झोप लागली ना?"

यंदा गावाने त्यांच्या स्मरणार्थ सामने भरवले. मैदान भरलेलं होतं, मोठमोठे फलक, त्यावर भाऊजींचा जर्सीतला फोटो. निवेदक माइकवर म्हणाला, "धाकट्या बंधूंच्या एका चुकीमुळे आपल्या मातीतला वाघ जायबंदी झाला." आणि त्याच दमात त्याने धाकट्या बंधूंना नारळ वाढवायला पुढे बोलावलं. दिनेश गेला. त्याने नारळ वाढवला, मैदानाच्या पाया पडला. त्या गर्दीतल्या निम्म्या माणसांनी तेव्हाचा तो ओरडा आपल्या कानांनी ऐकला होता. ती सगळी टाळ्या वाजवत होती. सासूबाईही.

मी हे लिहिते आहे ते दिनेशला ठाऊक नाही. छापून आलं की तो चिडेल, जेवणार नाही, दादाला मेल्यावरही सोडलं नाहीस म्हणेल. म्हणू दे. रमाकांत भाऊजी ओरडले होते. माझ्या नवऱ्याने फक्त मोठ्या भावाचं ऐकलं.