तिची खुर्ची

अमेरिकेत मुलीकडे आल्यापासून मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंबरोबर रोज दुपारची मालिका बघते. त्यातली नटी नवरी म्हणून आली आणि त्याच मालिकेत आजी झाली, म्हणे.

काल तिच्या खुर्चीत वेगळीच बाई बसली होती. मुलं तिलाच आई म्हणत होती. घरातलं एकही माणूस दचकलं नाही, याचाच मला राग आला.

"पहिली वारली का हो?" मी विचारलं.

"छे! धडधाकट आहे. काम दुसरीला दिलं."

म्हणजे ती या क्षणी कुठेतरी टीव्हीसमोर बसून, आपली मुलं दुसरीला आई म्हणताना बघत असेल.

संध्याकाळी साताऱ्याला सुनेला फोन लावला.

"सावकाश या, आई," ती मायेनं म्हणाली. "मला आता थेट तुमच्यासारखी आमटी जमते. ह्यांना तर फरकही कळला नाही."