मनवेलपाड्याला नेलेली जीप

आचोळ्याची ती तक्रार मी अजून विसरलेले नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नवी फौजदार. खांद्यावर दोन तारे, आणि दिवसातून चार वेळा आरशात तेच बघायचे. नवरा बदलीच्या गावी, मुलगी माझ्या आईकडे, मी विरारला एका खोलीत. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून ठाण्यात जरा जास्तच बोलत असे.

एका सकाळी टाइमशेअर विकणाऱ्या कंपनीचा मॅनेजर आला. अर्नाळ्याच्या बाजूला त्यांचं रिसॉर्ट होतं. एकदा पैसे भरायचे, मग दरवर्षी एक आठवडा तिथली खोली आपली. घेण्याआधी दोन दिवस फुकट राहून बघा, मात्र नवरा-बायकोनं जोडीनं या, अशी सवलत. आचोळ्याच्या एका निवृत्त कारकुनानं बायकोसह असा मुक्काम केला होता. नंतर कंपनीचा माणूस त्यांच्या घरी गेला, तर शेजारीण म्हणाली, "अहो, त्यांची बायको वारून चार वर्षं झाली." अर्जाला मात्र तिचं नाव असलेल्या रेशनकार्डाची नक्कल. ते नाव त्यांनी कमीच केलं नव्हतं.

"मॅडम, टोळी आहे," मॅनेजर म्हणाला. मलाही टोळीच हवी होती.

कारकुनांना बोलावून घेतलं. बायको म्हणून नेलेली बाई कोण, असं विचारलं. शेवटी तोतयेगिरीची शिक्षा ऐकवली तेव्हा बोलले. "मनवेलपाड्याच्या आहेत. विधवा. दिराकडे राहतात. मॅडम, मला आत टाका, पण त्यांच्या घरी कळू देऊ नका. बाहेर काढतील त्यांना."

आमचे जुने हवालदार म्हणाले, "मी साध्या कपड्यांत सायकलवरून जाऊन घेऊन येतो."

"कशाला? जीप काढा," मी म्हणाले. आणि भर दुपारी, कडक इस्त्रीच्या वर्दीत, त्या बाईंच्या चाळीच्या तोंडाशी उतरले. पोरंटोरं जीपभोवती जमली, तेव्हा मला छानच वाटलं. काय ते ध्यान होतं माझं!

दोघांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. तंतोतंत जुळले. ओळख सरकारी दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या रांगेत झालेली. झोपायला बाई आत, ते गॅलरीत खुर्चीवर.

"डास फार होते," ते म्हणाले.

"सारखे डास मारत होते, मला झोप नाही," त्या म्हणाल्या.

"मग टाइमशेअर घ्यायचा होता की नाही?" मी दरडावून विचारलं.

बाई चक्क हसल्या. "आमची कुठली ऐपत! पण तो माहिती देणारा मुलगा म्हणाला, आजी, पुढच्या वर्षी मे महिन्यात याल की दिवाळीत? त्यावर आम्ही संध्याकाळभर भांडलो. हे म्हणे दिवाळी. मी म्हटलं, दिवाळीत घर सोडून कोण जातं?" मग म्हणाल्या, "मॅडम, मला कधी सोयीचं आहे, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

माझी टोळी तिथेच संपली. दोघांकडून मॅनेजरला माफीनामा लिहून घेतला आणि समज देऊन सोडलं. गुन्हा नोंदवला नाही. एका बाईचं घर वाचवलं म्हणून मी स्वतःवर जाम खूश.

आठवड्यानं कारकून पुन्हा आले. "दिरानं त्यांना कोकणात पाठवून दिलं. कुठल्या गावी, ते चाळीत कोणी सांगत नाही."

"पण गुन्हा तर नोंदवलाच नाही!"

"मॅडम, चाळीनं जीप पाहिली होती." आवाजात राग नव्हता. "जबाबात गावचा पत्ता घेतला असेल ना तुम्ही?"

मी कागद काढून बघितला. मनवेलपाड्याचाच पत्ता होता. ते 'बरं' म्हणाले आणि गेले.

कागदावर गुन्हा नसला तरी शिक्षा होते, आणि ती आपल्याच हातून होते, हे मी त्या दिवशी शिकले. पुढच्या सगळ्या नोकरीत बाईमाणसाचा जबाब घ्यायला मी साडी नेसून, हातात भाजीची पिशवी घेऊन, चालत गेले. लांबची मावशी म्हणून खपून जायचे. गास गावात एकदा तर त्या घरच्या सासूबाईंनी मला भेंडी चिरायला बसवलं. चिरता चिरता सुनेचं सगळं ऐकून घेतलं. भेंडी संपली, काम झालं, तरी मी उठेना. कुणाच्या स्वयंपाकघरात बसून मला कितीतरी महिने झाले होते.