एक झडप उघडी

मलकपेठेतल्या आमच्या घराला दोन झडपांचं सागवानी दार होतं. रोज सकाळी सहाला नाना, म्हणजे माझे वडील, उजवी झडप उघडून भिंतीला टेकवत आणि डावी बोल्ट लावून तशीच ठेवत. एक झडप उघडी म्हणजे नाना घरात आहेत, सरळ आत या. दोन्ही बंद म्हणजे बाहेर गेलेत. दोन्ही उघडलेल्या मी दोनदाच पाहिल्या, माझ्या लग्नात आणि आई गेली त्या दिवशी. गल्लीत हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

नाना कोर्टात पेशकार होते, न्यायाधीशांपुढे कागद मांडणारे. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. उर्दू, तेलुगू, मराठी, इंग्रजी, ज्याला ज्या भाषेत हवा, त्या भाषेत. काम नसलं तरी यायचे, आणि सगळ्यांत जास्त यायचे शेजारचे घड्याळवाले चाचा. त्या दोघांना तासन्‌तास न बोलता बसता येत असे, याचं मला लहानपणापासून आश्चर्य वाटे.

आईच्या मागे वर्षभरात नाना न्हाणीत घसरून पडले. मी त्यांची एकुलती एक. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला, आमचं घर तेव्हा बांधून होत आलं होतं. "आता माझ्याकडेच राहायचं," असं मी जाहीर करून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे, विचारायच्या ऐवजी सांगते. नानांनी वाद घातला नाही. "हिवाळाभर येतो. करमलं तर बघू," एवढंच म्हणाले. मलकपेठेचं घर मात्र त्यांनी भाड्यानं दिलं नाही, नुसतं कुलूप घालून ठेवलं. त्या कुलपाची मला धास्ती होती. पुन्हा एकटे तिथे राहायला गेले आणि पुन्हा पडले, तर?

ती नव्वदीची मधली वर्षं. शहरात रोज काहीतरी नवीन यायचं. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागत नव्हतं, टीव्हीवर मोजता येणार नाहीत इतकी चॅनेल्स होती आणि घर बांधणारा प्रत्येक जण ॲल्युमिनियम आणि काच या दोन गोष्टींनी वेडा झाला होता. मीही झाले होते. बैठकीच्या खोलीतून व्हरांड्यात उघडणारं मोठं दार राहिलं होतं, ते निवडायला मी नानांना घेऊन आबिड्सच्या एका शोरूममध्ये गेले.

तिथे दोन नमुने उभे होते. एक सरकतं, अख्खी भिंत काचेची, एका बोटानं ढकलावं आणि आवाज न करता जावं असं. दुसरं लाकडी चौकटीत काच बसवलेलं, दोन झडपांचं. सेल्समन त्याला फ्रेंच डोअर म्हणत होता. नानांनी त्याची एक झडप उघडली, मागे सरून जरा वेळ पाहिली, पुन्हा लावली.

"हे बरं आहे," ते म्हणाले.

"नाना, झडपांना जागा किती लागते! वाऱ्यानं आपटतात. आणि पलंगावरून सुद्धा जांबाचं झाड दिसलं पाहिजे की नाही तुम्हाला?" पेरूला आम्ही जांब म्हणतो आणि अंगणातलं ते झाड हा माझा हुकमाचा एक्का होता.

"तुझं घर आहे, माय," नाना म्हणाले. मी ते होकार म्हणून घेतलं आणि सरकतं दार घेऊन टाकलं.

दार दिसायला सुरेख होतं, यात वाद नाही. येणारा प्रत्येक जण ते एकदा सरकवून पाहायचा. धूळ येऊ नये म्हणून मी ते बंद ठेवायचे. नाना त्याच्या आत आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्यामुळे काचेवर ऊन आलं की त्यांना बाहेरचं काही दिसायचं नाही. जांबाचं झाडसुद्धा नाही. हे मला फार उशिरा कळलं.

आल्यापासून त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं. लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात, असं मी म्हणायचे. ते मान हलवायचे.

एके दिवशी दुपारी मी बँकेतून आले, तर व्हरांड्यातल्या बाकावर वर्तमानपत्राची एक पुडी होती. आत नानांचं मनगटी घड्याळ निघालं, मलकपेठ सोडताना चाचांकडे दुरुस्तीला दिलेलं. ते चालू होतं. वेळही बरोबर लावलेली.

नानांनी घड्याळ हातात घेतलं. "आला आणि तसाच गेला. उन्हात या काचेतून मला काही दिसत नाही," म्हणाले. मग घड्याळ मनगटाला बांधलं आणि आत जाऊन ट्रंकेत कपडे भरायला लागले.

मला इतका राग आला, की मी चहासुद्धा घेतला नाही. एवढं लांब यायचं आणि टकटक करायला हात मोडतात का? दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी थेट चाचांच्या दुकानात जाऊन थडकले. तोंडात सगळं तयार होतं.

चाचांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बैठ बेटी. मैं आया था. पेशकारसाब सामनेच बैठे दिख रै थे. दरवाजा बंद था. मैं उनकू देख रौं, वो मेरेकू देख रैं, और उठतेच नै. मैं समझा, आज मिलने का मन नै."

"त्यांना दिसतच नव्हतं, चाचा! आप खटखटाए कैकू नै?"

"सामने बैठे आदमी का दरवाजा कैसा खटखटाते, बेटी?" चाचा म्हणाले. "एक पल्ला खुल्ला रैता तो सीधा अंदर आताच."

मी तशीच घरी निघाले. बसमध्ये मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. शोरूममधली ती झडप उघडून मागे सरलेले नाना सारखे समोर येत होते. ते दार पाहतच नव्हते. आपल्याकडे कुणी येईल का, ते पाहत होते.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नाना ऐकत राहिले. "त्याला वाटलं मी उठलो नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. ट्रंक त्यांनी पुढे भरली नाही, पण रिकामीही केली नाही. भिंतीशी तशीच राहिली.

नवऱ्याला मी म्हटलं, दार बदलायचंय. कारण ऐकल्यावर तो एकच वाक्य बोलला, "आता तरी त्यांना विचारून घे." आठवड्याभरात नवं दार बसलं, लाकडी चौकटीचं, दोन झडपांचं. सरकतं दार मागच्या भिंतीला टेकून पुढे कित्येक महिने धूळ खात होतं.

नानांनी चाचांना पोस्टकार्ड लिहिलं. उर्दूत होतं म्हणून मी वाचून दाखवायला सांगितलं. त्यात एकच ओळ होती, "सकाळी सहापासून एक झडप उघडी असते."

चाचा त्याच रविवारी आले. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. फाटक वाजलं, चपला निघाल्या, आणि ते इकडेतिकडे न बघता, हाक न मारता उघड्या झडपेतून आत येऊन नानांच्या शेजारी बसले. त्या दिवसाबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. दोन वेळा चहा झाला. चाचांनी नानांचं घड्याळ कानाला लावून पाहिलं आणि परत दिलं.

चाचांना बसमध्ये बसवून मी परतले, तेव्हा नाना दारातच उभे होते.

"माय," ते म्हणाले, "ती ट्रंक माळ्यावर टाकून दे."