झिजलेला माणूस

सकाळी खाली उतरले, तर कालपर्यंत फुलांचा सडा घालणाऱ्या बुचाच्या झाडाचा नुसता बुंधा उरला होता. इकडे जिन्यापाशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते.

"कुणी तोडलं हो?"

"तोडावं लागलं, मॅडम. तसं ठरलं."

"अहो, पण ठरवलं कुणी?"

"आता ठरलं म्हणजे ठरलंच की!"

मी फ्रेंच शिकवते. लॅटिनमधला 'होमो' म्हणजे माणूस. तो झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'ऑं' झाला. म्हणजे कुणीतरी, कुणीही; करणाऱ्याचं नाव घ्यायचं नसलं की वापरायचा शब्द. जुन्या स्पॅनिशमध्येही माणसाचा शब्द असाच वापरत. तो वापर तर पुढे नाहीसाच झाला. पण तिकडे माणूस झिजायला शतकं लागली. आमच्याकडे एका रात्रीत अख्ख्या कमिटीतला माणूस गायब!

माझी नजर खाली गेली. सेक्रेटरींच्या चपलांना ओला भुसा चिकटला होता.