दुपारी जळणारी मोटार

दुसऱ्यांदा पंपाची मोटार जळाली तेव्हा माझा संशय सरळ ती भरून देणाऱ्या रिवाइंडिंगवाल्यावर गेला. पहिल्यांदा जळाली तेव्हा नशिबाला दोष दिला होता. पण महिन्याच्या आत तीच मोटार, तोच करपट वास आणि काळी पडलेली तीच कॉइल! नशीब इतकं नेमानं काम करत नाही.

कात्रजच्या पुढे, पूर्वी गाव असलेल्या आणि आता महापालिकेत आलेल्या भागात माझा धोबीखाना आहे. नवऱ्याची नोकरी शहरात, धोबीखाना माझा. धोबीखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घाट आणि दगड येतात. आमच्याकडे मोठी वॉशिंग मशिन्स आहेत, वाफेवरचे ड्रायर आहेत आणि धुवायला इस्पितळांच्या चादरी. रक्ताचे, औषधांचे डाग घेऊन त्या गाडी भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्याशुभ्र परत जाव्या लागतात. पाणी थांबलं की सगळं थांबतं. शेड रस्त्याला लागून आहे, पण विहीर जागेच्या पार मागच्या टोकाला, जागामालकाच्या गोठ्याशेजारी. तिथे एक छोटी पंपखोली आहे. शेडमधल्या मुख्य पॅनेलपासून तिथपर्यंत जमिनीखालून केबल नेलेली होती.

रिवाइंडिंगवाले शनिवार पेठेत बसतात. वय झालेलं, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. मी जळालेली मोटार दुसऱ्यांदा घेऊन गेले तेव्हा त्यांनी कॉइलकडे नुसतं पाहिलं आणि व्होल्टेज कमी पडतंय म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे व्होल्टेज व्यवस्थित आहे, पॅनेलवर काटा दिसतो. ते म्हणाले, "बाई, मोटार जळते की तुम्ही जाळता, ते आधी घरी ठरवा. मग माझ्याकडे या."

हे मला लागलं. काम बिघडलं की वीज कंपनीवर ढकलायचं, ही जुनीच पळवाट. तरी खातरजमा म्हणून मी वीज कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यानं फाटकाजवळच्या मीटरवर मोजमाप घेतलं आणि सप्लाय उत्तम असल्याचं सांगितलं. म्हणजे खोटं कोण बोलत होतं, हे माझ्यापुरतं ठरलं.

त्यात जागामालकांनी भर घातली. इथले मूळचे शेतकरी, बरीचशी जमीन बिल्डरला गेलेली, उरलेल्या तुकड्यावर गोठा आणि आमची शेड. दुपारी कधी येऊन खुर्ची ओढून बसायचे, मला ताई म्हणायचे, घरची मेथी आणून द्यायचे. मोटारीचं ऐकून त्यांनी मान हलवली. "पेठेतला माणूस हाय ताई. जुनीच तार गुंडाळून देत असंल. तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला काय कळणार असं वाटतं त्यांना." शेवटचं वाक्य मला एकदम पटलं. आपल्या मनात आधीच असलेलं दुसऱ्यानं बोलून दाखवलं की ते पुराव्यासारखं वाटतं.

मी रिवाइंडिंगवाला बदलला. नवा माणूस तरुण, दुकान चकचकीत. त्यानं मोटार भरून दिली आणि कमी व्होल्टेजसाठी एक रिले बसवून घ्या म्हणाला. व्होल्टेज उतरलं तरी मोटार थांबत नाही, तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेते आणि आतून तापत जाते. रिले ते ओळखतो आणि मोटार बंद पाडतो. ऐकायला ठीक वाटलं. इलेक्ट्रिशियनला बोलावून रिले मुख्य पॅनेलमध्ये, माझ्या टेबलाच्या समोरच बसवून घेतला. हिरवा दिवा सतत पेटलेला असायचा. मला त्या दिव्याचा आधार वाटायला लागला होता.

आणि हिरवा दिवा पेटलेला असतानाच मोटार तिसऱ्यांदा जळाली. भर दुपारी. मशिनमध्ये चादरी फेसात तशाच पडून राहिल्या आणि इस्पितळातली मेट्रन फोनवर मला असं काही बोलली की मी फोन खाली ठेवून पाणी प्यायले.

आता रिवाइंडिंगवाल्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. दोन वेगळ्या माणसांनी सारखीच लबाडी केली असेल, असं मानायला मीही तयार नव्हते. मग उरला आमचा पंप ऑपरेटर.

हा माणूस सुरुवातीपासून माझ्याकडे. खडकीहून बस बदलत यायचा, कधी उशीर नाही, बोलणं कमी. पण मी आठवायला बसले आणि एकेक गोष्ट वाकडी दिसायला लागली. मोटार नेहमी दुपारीच जळते, आणि दुपारी पंपखोलीत तो एकटा असतो. स्टार्टरमध्ये मोटारीनं जास्त करंट ओढला की ती बंद पाडणारा एक खटका असतो. तो किती करंटला पडावा याची चकती आम्ही ठेवली होती त्याच्या बरीच वर फिरवलेली निघाली. विचारलं तर म्हणाला, खटका सारखा पडत होता, काम अडत होतं, म्हणून वाढवला, तुम्हाला सांगितलं होतं. मला तसं काही आठवत नव्हतं. जागामालकांना विचारलं तर ते हळूच म्हणाले, माणूस बरा आहे, पण दुपारी डोळा लागतो त्याचा.

मोटार भरून आली, बसली, चालू झाली. मी व्होल्टेज मोजायचा, हातात धरायचा एक मीटर विकत आणला आणि तो कसा लावायचा हे इलेक्ट्रिशियनकडून शिकून घेतलं. त्याला सांगितलं की हौस म्हणून शिकतेय. खरं कारण वेगळं होतं. पंपखोलीत अचानक जायला मला काहीतरी निमित्त हवं होतं.

एका दुपारी, जेवणाच्या वेळेला, मी न सांगता मागे गेले. ऑपरेटर जागा होता. स्टुलावर डबा उघडून बसला होता, चपातीचा घास हातात. मला पाहून उठला. मी म्हटलं, बसा, जेवा, मला जरा व्होल्टेज बघायचंय. खोलीत माझी नजर कोपऱ्यांतून फिरत होती: चादर कुठे अंथरली आहे का, उशी आहे का, कुठली तार लोंबते आहे का. काहीच नव्हतं. मग आलेच आहे तर म्हणून मीटर लावला.

आकडा पाहून मला वाटलं मी चुकीचा लावला. पुन्हा लावला. शेडमधला काटा चारशेच्या वर असायचा, इथे साडेतीनशेसुद्धा नव्हते. मी ऑपरेटरला तिथेच थांबवलं, शेडमध्ये जाऊन पॅनेल पाहिलं. काटा जागेवर, हिरवा दिवा पेटलेला. परत आले. पंपखोलीत आकडा तसाच खाली. म्हणजे वीज शेडमधून धडधाकट निघत होती आणि वाटेत कुठेतरी अर्धमेली होत होती. रिले बिचारा निघतानाची वीज बघत होता, पोचलेली नाही.

वाट म्हणजे जागामालकांच्या बांधाची कड. मी केबलच्या रेघेनं चालत गेले. ऑपरेटरही डबा तसाच टाकून मागे आला. गोठ्याच्या मागे माती अलीकडे खणून पुन्हा दाबलेली होती आणि तिथून एक राखाडी वायर पत्र्याच्या आडोशात शिरली होती. आडोशाच्या आत बोअरवेलचा पंप गुरगुरत होता. बाहेर टँकर उभा, नळी आत सोडलेली. नव्या सोसायट्यांना पाणी कुठून येतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मालकांची शेतीची लाइट दुपारी नसते, हे मात्र मला पक्कं माहीत होतं. म्हणजे हा पंप माझ्याच केबलवर चालत होता, आणि दोघांचा भार ती पेलत नव्हती.

मालक गोठ्यातून आले. मी वायरकडे बोट दाखवलं. आधी ते कुठली वायर म्हणाले. मग टँकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज उतरला. "ताई, तुमची केबल माझ्या जमिनीतनं जाती. त्यातली थोडी लाइट घेतली तर इतकं काय बिघडलं?"

"माझी मोटार तीनदा जळाली," मी म्हटलं. "आणि तुम्ही मला दरवेळी दुसऱ्याचं नाव सांगितलंत."

त्यावर त्यांनी सांगितलं की मोटारीचा आणि या वायरीचा संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि जी नावं घेतली ती मनापासून वाटलं म्हणून घेतली. खरं असेलही. इतकी वर्षं झाली, अजून मला ठरवता आलेलं नाही. पोलिसात जावं असं वाटलं, पण विहीर त्यांची, जागा त्यांची, माझी मशिन्स त्या जमिनीत रोवलेली. मी एवढंच म्हणाले की संध्याकाळच्या आत वायर निघाली नाही, तर वीज कंपनीचा माणूस इथे आणून उभा करीन. त्यांनी स्वतः कुदळ घेतली.

पुढे मी नवी केबल टाकली, या वेळी खांबांवरून, उघड्यावर, कुणालाही दिसेल अशी. रिले पंपखोलीत हलवला आणि स्टार्टरची चकती मूळ जागी आणून तिला झाकण लावलं. उन्हाळ्यात एकदा खरोखरच बाहेरून व्होल्टेज पडलं. पंप आपोआप थांबला, व्होल्टेज सावरल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा चालू झाला. चादरी उशिरा गेल्या, मोटार शाबूत राहिली.

शनिवार पेठेत जाऊन मी पहिल्या रिवाइंडिंगवाल्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही चोर नाही असं ठरलं. बरं झालं. आता पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय."

ऑपरेटरला काय सांगावं हे कळत नव्हतं. शेवटी म्हटलं की त्या दिवशी तुम्ही सोबत होतात म्हणून बरं झालं. तो पान्ह्यानं पंपाचा ढिला नट आवळत होता, पाणी ठिबकत होतं तिथे. वर न बघता म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला बघायला आला होतात. मीटर हातात होता, पण नजर माझ्या डब्यावर होती."

मी नाही म्हटलं नाही. तो अजून आमच्याकडेच आहे. जागामालकही अधूनमधून मेथी घेऊन येतात, आणि मी ती घेते. पण आता मेथी निवडताना त्यांचं बोलणं मी कानाआड टाकत नाही, उलट जास्तच लक्ष देऊन ऐकते, आणि ते कुणाचं नाव घेतात याची वाट बघते.