तोफ आत्याची दाढ

आत्या तंबाखूला शिवत नाही, असं मी डॉक्टरांना ठासून सांगितलं, आणि तिच्या जबड्याचं जिथं एक ऑपरेशन व्हायचं तिथं दोन करावी लागली.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. शेवगावच्या पुढं तिचं सासर. तिथं तिला सगळे तोफ आत्या म्हणत, अर्थात ती ऐकण्याच्या अंतरावर नसताना. ती सकाळी उठायची तीच मुळी रागावून. आधी कोंबड्यांवर, मग ओल्या सरपणावर, आणि ही मंडळी संपली की माणसांवर. "राग गिळू न्हाई," ती म्हणायची, "गिळला की दाताला कीड लागती." हे शास्त्र खरं असतं तर तिचे दात जन्मभर मोत्यासारखे राहायला हवे होते.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. एके दिवशी कामावर खायला वाटलेल्या सुकडीच्या कोरड्या भुग्यात अळ्या निघाल्या. बाकीच्या बाया मुकाट निवडून खात होत्या. आत्या मूठभर सुकडी घेऊन मुकादमापुढं उभी राहिली.

"खा."

"मला भूक न्हाई, मावशे."

"तुज्या लेकराला घालशील का ही? न्हाई ना? मग तूच खा."

त्यानं खाल्ली. सगळ्यांच्या देखत, अळ्यांसकट. दुसऱ्या दिवशी नवं पोतं आलं.

त्याच थंडीत तिची खालची दाढ हाडात आडवी अडकून पिकली. गाल भोपळ्यासारखा सुजला आणि जबडा आवळला. दातांमधून जेमतेम चमच्याची कड आत जाई. ज्या तोंडाला मुकादम भ्यायचा, ते तोंड असं कुलूपबंद झालं. नगरला नोकरी करणारा घरात मी एकटाच, म्हणून तिला माझ्या खोलीवर आणून सोडलं.

डॉक्टर मुंबईहून नुकते आलेले. खुर्चीत आत्या बसलेली, दाढ आत्याची, आणि डॉक्टर प्रश्न विचारत होते मला. त्यात मला कसलंही नवल वाटलं नाही, उलट छाती जरा फुगलीच.

"यांना काही व्यसन? तंबाखू वगैरे?"

"छे. आमच्या घरात बायका तंबाखूला शिवत नाहीत."

आत्यानं मला कोपरानं ढोसलं. मग बोट दातांवर नेऊन जोरजोरात घासून दाखवलं आणि डॉक्टरांकडं पाहिलं.

"काय म्हणतात त्या?"

"रोज दात घासते म्हणते. चार-चार वेळा."

"शाबास," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशननंतरही तोंड असंच स्वच्छ ठेवा."

आता गंमत बघा. ती दात घासायची मिसरीनं. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर जाळलेली तंबाखूच. पण आमच्याकडं तिला तंबाखू कोण म्हणतं? ती दाताची पूड. आत्याला मात्र शंका होती आणि ती तिनं बिचारीनं सरळ डॉक्टरांपुढं मांडली होती. मध्ये हा दुभाषा बसला होता.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवायचं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे सगळं मी काटेकोर पाळलं. दाढ निघाली, टाके पडले. दोन दिवस थंड पेज झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा सल्ला आठवून मी स्वतः स्टोव्हवर तवा ठेवला, मिसरी भाजली, बारीक केली आणि तिच्या हातात दिली. खोकून खोकून शेजारी पळाले, पण सेवेत कसूर नको.

आठवडा सरायच्या आत तिला ताप भरला आणि गाल पहिल्यापेक्षा दुप्पट झाला. डॉक्टरांनी जखम पुन्हा उघडली तर आत काळा चिखल. तो काय आहे हे तिथल्या आयाबाईंनी वासावरून सांगितलं. डॉक्टर भडकले, पण माझ्यावर नाही. सुजलेल्या जबड्यानं पडलेल्या त्या बाईवर भडकले. "अडाणी लोक. खोटं बोलता, आणि जबडा गेला की आमच्या नावानं बोंब मारता. हाड सडलं तर कापावं लागेल, कळतं का?"

तिला उत्तर देता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिचा राग गिळावा लागला. तिनं फक्त माझा शर्ट गळ्यापाशी धरला आणि मला डॉक्टरांच्या पुढ्यात ओढलं. तेव्हा कुठं माझ्या तोंडातून खरं बाहेर आलं.

आजही दवाखान्यात बाई समोर बसलेली असताना "काय होतंय यांना?" असं तिच्या नवऱ्याला विचारलेलं ऐकलं की माझ्या डोक्यात सणक जाते. आणि ऐटीत उत्तर देणारा तो नवरा बघितला की आणखी जाते, कारण तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे.

हाड वाचलं. पण जबडा पुन्हा उघडेल की नाही, हे डॉक्टर सांगेनात. त्यांनी लाकडाच्या चपट्या काड्या दिल्या. त्या दातांत सारायच्या, आणि रोज एक वाढवायची. आत्या भिंतीकडं तोंड करून बसे, काड्या सारी आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना उशीवर बुक्क्या मारी. माझ्याशी एक शब्द नाही. मी पेज नेली की वाटी घेई आणि पाठ फिरवी. बोलता येत नाही म्हणून ती गप्प आहे की बोलायचं नाही म्हणून, हे मला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. मिसरी मात्र तिनं त्या दिवसापासून सोडली. डबी माझ्या खिडकीतून रस्त्यावर भिरकावली, ती एका सायकलवाल्याला लागली, आणि त्याच्या शिव्या मी खाल्ल्या.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि ते तिच्यासमोर बसले. मी नेहमीच्या सवयीनं पुढं झालो, तर त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"बाई, तोंड उघडा." तीन बोटं आरामात आत गेली. "आता तुम्हीच सांगा. काही त्रास राहिलाय?"

आत्यानं जबडा डावीकडं हलवला, उजवीकडं हलवला आणि खणखणीत आवाजात बोलली.

"जबड्याला न्हाई. तरास आता ह्यो हितं उभा हाय तेवढाच. तुमच्यापाशी सुई-दोरा हायच, तर ह्याच्या तोंडाला बी चार टाके घाला."