चिंचोक्याची हनुवटी

तुळजारामाला वेडा म्हणणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं, आणि त्रिचीच्या त्या मोटार क्लबातली सगळी. हे वाचून त्यांना वाईट वाटेल. वाटावं म्हणूनच लिहिते आहे.

तुळजाराम माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. पाटबंधारे खात्यात आराखडे काढायचा. कालव्याचं दार कुठे, पुलाचा खांब किती जाड, पाणी कुठे वळेल, हे कागदावर मांडणं त्याचं काम. दिसायला काडीसारखा, आवाज मात्र असा की कचेरीत तो साहेबाशी भांडला की रस्त्यावरच्या फुलवालीला कळायचं. पगारापेक्षा त्याच्या जिभेचाच बोलबाला जास्त. आमच्या घराण्यात हे आहेच.

त्याच्याकडे एका डॉक्टरकडून घेतलेली जुनी फियाट होती. आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत केबल आली. नाक्यावरच्या टीव्हीच्या दुकानात परदेशी शर्यती दिसायला लागल्या. लोक मॅच बघायला उभे राहायचे, हा गाड्यांच्या पाठीवरचे पंख बघायला. दुकानदार चॅनल बदलायला गेला की त्याच्यावर ओरडायचा, "डे, ठेव ते! टीव्ही विकत घेतो तुझा!" घेतला कधीच नाही.

पोंगलनंतर दरवर्षी पापनाशमच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या आवारात क्लबाची शर्यत व्हायची. एका वेळी एकच गाडी, घड्याळाविरुद्ध. उसाच्या लॉऱ्यांसाठी बांधलेला लांब सरळ सिमेंटचा रस्ता, मग वजनकाट्याला वळसा घालणारं मुरमाड वळण, मग टायरांच्या ढिगांमधून परत. प्रत्येकाला दोन फेऱ्या, दोन्हींची वेळ मिळून निकाल. सबंध मुलखात तुळजारामाला गाडी पळवायला मिळायची ती या एका जागी, वर्षातून एक दिवस. बाकी तीनशे चौसष्ट दिवस त्याच्यापुढे बैलगाडी असायची.

शहाण्णव साली वजनकाट्याच्या वळणावर फियाटचं शेपूट सुटलं, गाडी गरकन फिरली आणि टायरांत घुसली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण क्लबाचा सेक्रेटरी माईकवर बोलला, "कालव्याच्या माणसाला होडी द्या रे कोणीतरी! मोटार त्याला झेपत नाही!"

दोनशे माणसं हसली. हा सेक्रेटरी म्हणजे रघुराम, तुळजारामाचा सख्खा मेहुणा. वकिलाचा मुलगा, त्रिचीला बंगला, नवी कोरी गाडी, आणि त्या गाडीला मद्रासहून खोक्यातून आलेले तयार पंख, परदेशी लेबलासकट. लेबल त्यानं काढलं नव्हतं. भुवनेश्वरी, म्हणजे तुळजारामाची बायको, बायकांच्या रांगेत बसली होती. भाऊ माईकवर, नवरा टायरांत. तिनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की रडू, मी विचारलं नाही.

त्यानंतर तुळजारामानं पंख स्वतः करायचा ठरवला.

पुस्तक नव्हतं, शिकवणारा नव्हता. कालवा होता. पुदु आराला, म्हणजे आमच्या त्या कालव्याला, पाणी असताना हा दाराशी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचा आणि फळ्या धरायचा. सपाट, वाकडी, जाड नाकाची, लांब शेपटीची. एकदा मलाही ओढून नेलं.

"अक्का, ही धर. पोट खाली."

धरली. पाण्यानं ती फळी माझ्या हातातून खाली खेचली, मनगट मुरगळलं.

"काय वाटलं?"

"तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली."

"ते मागून. फळी कोठे गेली ते सांग."

"खाली गेली."

"तेच! विमानाला वर नेते ती उलटी लावली की खाली दाबते. गाडीचं शेपूट तेवढंच दाबून पाहिजे मला. वारं म्हणजे पातळ पाणी, अक्का. खात्यात वीस वर्षं मी दुसरं काय काढलंय?"

बांबूच्या कांबी, वर पातळ पत्रा, असा पंख झाला. डिकीच्या झाकणावर तो बिजागरीनं बसवला, खाली तांदळाच्या दुकानातला स्प्रिंगचा काटा अडकवला, आणि मी मागच्या सीटवर उलटी बसून काचेतून काटा वाचला. ऐंशीच्या वेगाला आठ किलो. गल्लीत सांगितलं तर लोक म्हणाले, आठ किलो हवे तर डिकीत तांदूळ टाक की! तुळजाराम भडकला. तांदूळ गाडीला सगळीकडे जड करतो, हे वजन वेग आला की चढतं आणि वेग गेला की उतरतं. पण समजावून कोणाला सांगणार? ऐकणाऱ्यांनी आधीच हसायला तोंड उघडलेलं.

मग नवीन भानगड. शेपूट दाबलं की नाक हलकं होतं आणि गाडी वळायला तयार होत नाही. म्हणून पुढे, बंपरखाली, जमिनीपासून चार बोटांवर, वारं अडवणारी गोल फळी हवी. तिला तो हनुवटी म्हणायचा. तिला बाक दोन बाजूंनी, पत्रा तसा वाकेना. तेव्हा त्याला त्याची आई आठवली. राजमकाकू देवांची चित्रं करायच्या, आमच्या तंजावरी पद्धतीची. फळीवर कापड, कापडावर चिंचोक्याची खळ, खळीत खडूची पूड, थरावर थर, मग दगडानं घोटायचं. वाळलं की संगमरवरासारखं. काकूंचा बाळकृष्ण अजून माजघरात आहे, साठ वर्षांत टवका उडालेला नाही.

यानं बांबूच्या सांगाड्यावर जुन्या वेष्टींचे, म्हणजे धोतरांचे, अकरा थर दिले. दोन महिने भुवनेश्वरीच्या चुलीवर चिंचोके शिजत होते. घराला आंबूस वास. ती म्हणायची, "रसमला चूल उरत नाही आणि मोटारीला शृंगार चाललाय!" तो म्हणायचा, "तुझ्या भावाची हनुवटी खोक्यातून येते, माझी चुलीवरून येते." ती भांडं आपटायची. तिच्या भावाचं नाव त्या घरात असंच यायचं, शिवीच्या जागी.

हनुवटी झाली मात्र देखणी. पांढरी, गुळगुळीत, बोट ठेवलं तर घसरेल अशी. वारं कुठून जातं ते दिसावं म्हणून गाडीवर जाईच्या गजऱ्याचे दोरे चिकटवून तो पापनाशमच्या रस्त्यावर निघाला आणि मी मोपेडवर बाजूनं दोरे बघत. हनुवटीवरचे दोरे सगळे सरळ मागे निजले होते. एकही फडफडला नाही.

"हिला रंग दे," मी म्हटलं. "चित्र भिंतीवर असतं. त्याला कोणी रस्त्यावर फिरवत नाही."

"आईनं कधी मोटारीचा रंग लावला का बाळकृष्णाला?"

"बाळकृष्ण पावसात जात नाही."

"पोंगलनंतर पाऊस कोठला? अक्का, तू मोर्चे काढतेस ते काढ. हे नक्को शिकवू मला."

आईच्या कामावर मोटारीचा रंग त्याला चालणार नव्हता. आणि लोकांना दिसायला हवं होतं की ही तंजावुरात झाली, मद्रासच्या खोक्यात नाही. खरं कारण ते. माझं ऐकलं नाही म्हणून मी आठवडाभर बोलले नाही. त्यानं ते बहुधा ओळखलंच नाही.

पंखाची बातमी त्रिचीला पोचली. शर्यतीच्या महिनाभर आधी क्लबाच्या फळ्यावर नवा नियम लागला, खाली रघुरामाची सही. घरी बनवलेला कुठलाही भाग फेरीत गाडीपासून सुटून मैदानात पडला, तर त्या सभासदाचं नाव कायमचं कमी. कायमचं. म्हणजे वर्षातला तो एक दिवसही गेला.

तुळजाराम फळ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सही सुंदर आहे. शाळेत कॉपी करून आलेली."

सत्त्याण्णवचा तो रविवार. सकाळी ऊन, धूळ. पहिल्या फेरीत फियाट वजनकाट्यापाशी आली, आणि मागच्या वर्षी जिथे शेपूट सुटलं तिथे रुळावरून गेल्यासारखी वळली. घड्याळ हनुमंतरावांच्या हातात होतं. ते आमच्याच शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर, रघुरामाला वचकून असायचे. त्यांनी आकडा दोनदा बघितला आणि हळूच वाचला. सगळ्यांत कमी वेळ. रघुरामाच्या नव्या गाडीपेक्षा सव्वा सेकंद कमी.

या वेळी माईकवर कोणीच विनोद केला नाही.

पाच मिनिटांत रघुराम म्हणाला, धूळ फार आहे, पाहुण्यांना त्रास होतो. पाण्याचा टँकर आला. वळणावर एकदा फिरला, मग रघुरामानं हात केला आणि पुन्हा फिरला. मुरूम लापशीसारखा झाला. दरवर्षी टँकर येतो, खोटं बोलणार नाही. दोनदा फिरलेला मी त्याच वर्षी पाहिला.

दुसऱ्या फेरीत रघुराम आधी गेला आणि चिखल उडवत सुखरूप आला. मग तुळजाराम. मी आणि भुवनेश्वरी वळणाजवळच्या पत्र्याच्या शेडखाली. सिमेंटवरून तो सुसाट आला, वळणात शिरला, चाकांनी पाणी उडवलं आणि सगळं हनुवटीवर. मला लांबूनही दिसलं. पांढऱ्याचं राखाडी झालं, एक कोपरा ओल्या भाकरीसारखा लोंबला आणि जमिनीला घासायला लागला.

"पडणार," मी म्हटलं.

भुवनेश्वरी शेजारी नव्हती. ती पळत सुटली होती.

आणि तुळजारामानं ब्रेक दाबला. शर्यतीच्या मध्ये, वळणावर, घड्याळ चालू असताना गाडी उभी केली. उतरला. पुढे जाऊन गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांनी हनुवटी ओढली, आली नाही, मग बंपरवर पाय देऊन उपटली. अकरा थर, दोन महिने. पोरीला उचलावं तशी उचलली, पुढच्या सीटवर ठेवली, विजारीला हात पुसले आणि गाडीत बसून फेरी पूर्ण केली. रमतगमत. हात खिडकीबाहेर.

सगळ्यांत शेवटचा नंबर. त्यानं विचारलाही नाही.

रघुराम माईक टाकून धावत आला. "पडलं! मास्तर, लिहून घ्या, पडलं!"

"पडलं नाही, काढलं," मी म्हटलं. "दोनशे लोकांनी बघितलंय. नियम तुझा आहे, वाच मोठ्यानं."

"तुकडे पडले असणार. ओलं झालं होतं."

"मग शोध."

हनुमंतराव घड्याळाकडे बघत म्हणाले, "रघुरामा, तुकडा दाखव, मी लिहितो. नाही दाखवलास, तर नाही लिहीत." त्या माणसानं आयुष्यात एवढं धाडस एकदाच केलं असावं.

रघुराम शोधायला लागला. पांढरे बूट, पांढरी पँट, नडगीपर्यंत चिखल. वाकून वाकून बघत होता. लोक आता त्याला हसत होते. मध्ये भुवनेश्वरी उभी होती, जिथे गाडी थांबली तिथे, हलत नव्हती.

"भुवने, बाजूला हो."

"चिखल आहे. साडी भरेल."

"भरलेलीच आहे! हो बाजूला."

"भावोजींना होडी द्या म्हणालास ना? आण. होडीत बसून बाजूला होते."

बहिणीला सगळ्यांसमोर हाताला धरून ओढणं त्याच्यानं झालं नाही. अजून पाव तास तो आजूबाजूला फिरला आणि हात झटकत निघून गेला. तुळजारामाचं नाव राहिलं.

घरी जाताना भुवनेश्वरी मागे बसली, कारण पुढच्या सीटवर हनुवटी होती. "तुझं बरोबर होतं असं नक्को म्हणू, अक्का," तुळजाराम मला म्हणाला. मी म्हणणारच होते. पुढच्या वर्षी त्यानं तसेच अकरा थर दिले आणि वर बसच्या टपाचा रंग मारला, मुकाट्यानं. अजून सात वर्षं तो त्या मैदानात पळाला. दोनदा पहिला आला, तीनदा टायरांत गेला.

रघुराम आता परदेशात मुलाकडे असतो. त्याच्यापर्यंत हे पोचावं अशी व्यवस्था मी करते आहे. त्यानं समजून घ्यावं की त्या दिवशी तळहाताएवढा एक तुकडा पडला होता. त्याची बहीण त्या तुकड्यावर पाय देऊन उभी होती. तो तुकडा तिनं घरी आणून धुतला नाही, तसाच वाळवला. माजघरात राजमकाकूंच्या बाळकृष्णाच्या चौकटीमागे आहे, तिच्या टाचेचा ठसा अजून दिसतो. हवा असेल तर ये आणि लिहून घे.